सरांचा स्ट्राफ

५ जानेवारी, सोमवार

डॉक्टर म्हणाले, ओरडू नका, लिहून काढा. राग कागदावर उतरला की बीपी आपोआप खाली येईल. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, मी हवाई संरक्षण तोफखान्यातला माणूस. सगळी नोकरी तोफेशेजारी उभं राहून बोललो. हळू बोललो तर माझं मलाच ऐकू येत नाही. ते हसले आणि गोळी वाढवून दिली.

तर ही डायरी. सावद्याच्या मेहुण्याने दिलेली, खताच्या कंपनीची, मुखपृष्ठावर केळीचा घड. पहिल्या पानावर नाव लिहायचं असतं म्हणून लिहितो: सुभेदार लीलाधर (निवृत्त), देवपूर, धुळे. रणझेप भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्राचा संचालक, उस्ताद, शिपाई आणि वॉचमन.

आजचा राग. पोलीस भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, तोंडावर आलंय आणि पोरं पांझरेकाठच्या धुक्यात सेल्फी काढतात. शीतल पुन्हा उशिरा आली. शिरपूरकडच्या सातपुड्याच्या पायथ्याची पोर, बाप दिलवरसिंग मजुरी करतो, इथे खोली घेऊन राहते. आठशे मीटरला तिच्यासारखी पळणारी माझ्या मैदानावर आजवर आलेली नाही. या वर्षी माझ्या केंद्रातून एक नाव लागणार असेल तर ते तिचं. आणि तीच उशिरा येते! कारण विचारलं तर जमिनीकडे बघते.

७ जानेवारी, बुधवार

आज पत्र्याच्या शेडमध्ये इंग्रजीचा तास घेतला. शब्द आला ‘स्ट्राफिंग’. हा माझा हक्काचा शब्द. मी दोन्ही हात पसरून विमान झालो आणि बाकांवरून खाली झेपावून दाखवलं. विमान खाली येतं, जमिनीवरच्या माणसांवर मशीनगन चालवत जातं, त्याला म्हणतात स्ट्राफिंग. पायलट लोकांचा इंग्रजी शब्द. एकाने विचारलं, सर, खालच्यांनी काय करायचं? मी सांगितलं, आडोसा नसेल तर पडून राहायचं. हलायचं नाही, आवाज करायचा नाही. ते आपलं गरजून पुढे निघून जातं.

मननने हात वर केला. हा नेमीचंदशेठचा मुलगा, कापड दुकानवाल्यांचा. मैदान शेठजींचं आहे, त्यामुळे याचा हात वर गेला की बोलू द्यावंच लागतं. अधिकारी व्हायची परीक्षा देतोय. म्हणाला, “सर, शब्द इंग्रजी नाहीये. जर्मन आहे. त्याचा अर्थ शिक्षा करणे. विमानाशी त्याचा मुळात काही संबंध नाही.”

हातात फोन. सगळी शेड माझ्याकडे बघतेय.

मी म्हटलं, वा, पंडित. मग या शब्दाचा अर्थ जरा अनुभवून बघ. लाकडी रायफल डोक्यावर धरून मी थांब म्हणेपर्यंत पळायला लावलं. पळताना हसत होता. याचाच जास्त राग आला.

८ जानेवारी, गुरुवार

कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो. ओळखीचे ग्रंथपाल आहेत, त्यांनी जाडजूड कोश काढून दिले. पोरगं खरं बोलत होतं.

पहिल्या महायुद्धात जर्मनांनी एक घोषणा काढली होती: ‘गॉट स्ट्राफे इंग्लंड’. देव इंग्लंडला शिक्षा करो. पोस्टकार्डांवर छापली, बिल्ल्यांवर छापली, कपांवर छापली. आता ज्यांच्यासाठी हा शाप, त्या खंदकातल्या इंग्रज शिपायांनी घाबरायला नको? ते हसले. हसून शत्रूचा शब्दच उचलून आणला आणि दिसेल त्याला लावला. तोफा सुरू झाल्या, स्ट्राफ. साहेबाने झापलं, तोही स्ट्राफ. विमानाचा अर्थ नंतर चिकटला आणि शेवटी तेवढाच उरला. मला तेवढाच माहीत होता.

मला राग नेमका कशाचा आला ते नीट सांगता येत नाही. एका पोराने चूक काढली याचा आला, हे कबूल. पण दुसराही आहे. शिक्षा वेगळी आणि गोळी वेगळी. शिक्षा करणाऱ्याला समोरचा सुधारावा असं वाटत असतं. वरून मशीनगन चालवणाऱ्याला कुणाला सुधारायचंय? हे दोन अर्थ एका शब्दात राहतातच कसे? ज्याने हे होऊ दिलं त्याला माझ्या मैदानावर आणा.

माझी शिक्षा प्रेमाची असते. हे पोरांना माहीत आहे.

११ जानेवारी, रविवार

घरी आज चहा थर्मासमध्ये. महिनाभर हेच चाललंय. मी पहाटे उठतो तर ही पडलेलीच असते. तोंड भिंतीकडे करून म्हणते, “चहा थर्मासमा शे.” ही घरात अहिराणीच बोलते. फौजेत राहून मी माझी बोली घालवली असं तिचं म्हणणं आहे.

मी म्हटलं, प्रमिलाबाई, आळस अंगात शिरला की निघत नाही, माझ्याबरोबर मैदानावर चालायला या. त्यावर हिने पांघरूण डोक्यावर ओढलं. पूर्वी भांडायची तरी.

एक नवल आहे. मी परत येतो तेव्हा घर लख्ख असतं. भांडी पालथी, पाणी भरलेलं, कपडे दोरीवर. तेही आमच्या गच्चीवरच्या उंच दोरीवर, जिथे हिचा हात पोचत नाही म्हणून एरवी मलाच हाका असतात. म्हणजे मी गेल्यावर अंगात ताकद येते आणि मी असताना जाते. हे नाटक कुणासाठी? मी तसं बोललोही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. पोरांनी रांगेत येऊन तिळगूळ दिला आणि गोड बोला म्हणाले. मी म्हटलं, भरतीच्या मैदानावर तुमच्याशी कोण गोड बोलणार आहे? शीतल आज वेळेवर होती. माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, “सर, मावशीस्ले पन सांगजात.” आमच्या हिच्याशी शीतलची ओळख कुठून? सणाला बोलायची रीत म्हणून बोलली असेल.

घरी ही तिळाच्या वड्या थापत नव्हती. दुकानातल्या आणल्या होत्या. लग्नापासून पहिल्यांदा. मी दोन शब्द सुनावले.

१६ जानेवारी, शुक्रवार

आजचा राग मोठा आहे.

शेडच्या पत्र्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ‘गॉट स्ट्राफे देवपूर’. शेजारी मिशीवाल्या तोंडाचा गोल. मिशी माझी.

तोताराम माझा मदतनीस उस्ताद, राज्य राखीव दलातून निवृत्त झालेला. त्याला विचारलं तर तो मान खाली घालून सांगतो की पोरं आठवडाभर हेच बोलतायत. ‘आज सरांचा स्ट्राफ झाला का?’ ‘सकाळचा स्ट्राफ लवकर आटोपला.’ ‘छत्री आण रे, स्ट्राफ येतोय.’ हा हसत होता! हसू दाबत होता म्हणजे हसतच होता.

शंभर वर्षांपूर्वीच्या त्या गोऱ्या शिपायांचं मला कौतुक वाटलं होतं. शत्रूच्या शापाची चेष्टा केली, भीती घालवली. पण मी यांचा शत्रू आहे का?

१७ जानेवारी, शनिवार

सगळ्यांना रांगेत उभं केलं. लिहिलं कोणी? मनन पुढे यायला निघाला तर दोघांनी त्याचा हात धरून मागे ओढला. ठीक. मग सगळे. बेडूकउड्या, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत.

तेवढ्यात शीतल धावत आली. उशिराच. हातात कसलीशी औषधांची पिशवी, ती पाठीमागे लपवली. माझ्याकडे एक रीत आहे. उशिरा येणाऱ्याला शिक्षा नाही. तो समोर उभा राहून मोजतो आणि बाकीचे त्याच्यासाठी उड्या मारतात. यातून माणूस जेवढं शिकतो तेवढं स्वतः उड्या मारून शिकत नाही. मी म्हटलं, मोज.

ती मोजेना. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आवाज नदीपलीकडे गेला असेल.

ती म्हणाली, “सर, चूक मनी शे. मले सजा द्या. यास्नी काय करं?”

मी म्हटलं, चूक तुझी आहे तर कारण सांग. एवढ्या लोकांसमोर सांग. रोज कुठे मरायला जातेस? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पिशवी छातीशी धरून फाटकातून निघून गेली. आजवर माझ्या मैदानावरून असं कुणी गेलेलं नाही.

राहिलेल्या उड्या मीच मोजल्या.

१८ जानेवारी, रविवार

तोतारामने सांगितलं, शीतल मागच्या आठवड्यात सिव्हिलच्या ओपीडीबाहेर बसलेली दिसली होती. बरोबर कोणी मोठ्या वयाची बाई, पदर तोंडावर ओढलेला. तो म्हणाला, “सर, काहीतरी अडचण असेल हो पोरीची. हळूच विचारा.” मी म्हटलं, अडचण प्रत्येकाची असते. नातेवाईक बाई घेऊन दवाखाने फिरायचे असतील तर भरतीचा नाद कशाला?

तो ‘हळूच’ मला उद्देशून होता, हे मला कळत नाही असं त्याला वाटतं.

२० जानेवारी, मंगळवार

ही काल जळगावला बहिणीकडे गेली होती, आज परत आली. मी खिचडी करून खाल्ली, ती करपली. जळगावहून येताना ही भरताची वांगी आणल्याशिवाय राहत नाही, या वेळी रिकाम्या हाताने आली आणि आल्या आल्या झोपली. कोपराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी होती. विचारलं तर म्हणाली, “बहिनना घर काच लागनी.” काच लागायची जागा आहे का ती? हल्ली हिचं कशातच लक्ष नसतं.

शीतल तीन दिवस नाही. ग्राउंडची तारीख आली आहे, दोन फेब्रुवारी, जळगाव. राग एका बाजूला, पण पोरीचा सराव बुडतोय. तिने एवढं पळावं आणि असल्या हट्टापायी घालवावं? उद्या तिच्या गावी जातो.

२१ जानेवारी, बुधवार

गेलो. शिरपूरपर्यंत एसटी, पुढे जीप, पुढे पाय. कोरडवाहू शेतं, तूर काढून झालेली, मागे डोंगर. दिलवरसिंग अंगणात मोहाच्या वाळल्या फांद्या तोडत बसला होता. उठून खाट टाकली, पाणी दिलं. मी लगेच सुरुवात केली: पोरगी शिस्त मोडते, उशिरा येते, न सांगता निघून गेली, बोलवा तिला बाहेर.

तो गोंधळून म्हणाला, “सर, ती तं धुळालेच शे. घर कथी उनी?”

मग पुढे म्हणाला ते ऐकून माझ्या डोक्याची शीर तडकायची बाकी राहिली. “ती सकायमा तुमनाच घर जास ना? मावशीले बरं नही म्हने, काम करू लागस. आमले तिनी तसंच सांगं.”

बघा! बापाला सांगते सरांच्या घरी काम करते. माझ्या घरी! माझ्या घरी माझ्या बायकोशिवाय कोण आहे? ही पोरं शहरात आली की पहिलं खोटं बोलायला शिकतात. मी दिलवरसिंगला म्हटलं, तुमची मुलगी तुम्हाला फसवते आहे. तो म्हणाला, “मनी पोर खोटं नही बोलस.” आवाज अजिबात चढवला नाही. बापाची माया आंधळी असते, दुसरं काय.

घरी येऊन हिला विचारलं, ती शीतल इथे येते? ही मेथी निवडत होती. म्हणाली, “तुम्ही पहाटंले मैदानवर जातस. तुमले काय माहीत कोन येस, कोन जास.” हा टोमणा. मग मी बोललो. दिवसभराचं सगळं बोललो: एसटी, जीप, खोटारडी पोर, थर्मास, करपलेली खिचडी. मी बोलत होतो तोवर ही हलली नाही. मेथीची काडीसुद्धा हातात तशीच होती. मी थांबलो तेव्हा पुन्हा निवडायला लागली.

२४ जानेवारी, शनिवार

नेमीचंदशेठ आले होते. मला वाटलं, मननला पळवलं म्हणून तक्रार. नाही. हसत म्हणाले, “लीलाधरजी, पोरगा घरी तुमची नक्कल करतो. आमच्या पानबाईला, मननच्या आईला, हसून हसून ठसका लागला. तुम्ही म्हणजे धमाल आहात.” जाता जाता म्हणाले, “पण तीस-चाळीस पोरं तुमच्या भरवशावर आहेत. थोडं सांभाळून.”

तक्रार केली असती तर बरं झालं असतं. तक्रारीला उत्तर देता येतं.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन. निम्मीच पोरं आली. राष्ट्रगीत माझ्या एकट्याच्याच आवाजात ऐकू येत होतं. मननला विचारलं, बाकीचे कुठे? म्हणाला, नकाणे तलावाच्या रस्त्याला पळतात, शीतलबरोबर. तीच त्यांना पळवते. “आणि सर, ती ओरडत नाही तरी पळतात.” हे त्याने उद्धटपणे म्हटलं नाही. मला बातमी दिल्यासारखं म्हटलं.

त्याला काय शिक्षा करणार? रांगच उरली नव्हती.

पत्र्यावरचं खडूचं अजून कुणी पुसलेलं नाही. मी सांगितलं नाही आणि कुणी पुसलं नाही. आज मीच ओल्या फडक्याने पुसलं. पुसताना वाटलं, देवाला सांगून ज्याला शिक्षा मागायची तो इंग्लंडएवढा तरी मोठा असावा. मी एक निवृत्त माणूस. माझ्यावर कशाला देव घालता?

३० जानेवारी, शुक्रवार

हिला रात्री झोप लागत नाही, कूस बदलत राहते. मी म्हटलं, काय चाललंय? म्हणाली, “काही नही.” मी म्हटलं, मग झोपा. दिवसभर काम नाही तर झोप येणार कशी?

रागाचं औषध चालू आहे, डायरी चालू आहे, तरी बीपी तेवढंच. डॉक्टरांनी विचारलं, घरी कोणाशी बोलता का? मी म्हटलं, दिवसभर बोलतो.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज शीतलचं ग्राउंड. मी जळगावला गेलो नाही. बोलावलं नाही तिथे मी जात नाही. पण सकाळपासून घरात फेऱ्या चालू होत्या. सुरुवातीलाच जोरात सुटली तर दुसऱ्या फेरीत दम तुटतो, हे तिला कुणी सांगितलं असेल का? मीच सांगितलं होतं, पण कधी, ते आठवेना.

दुपारी हिचा फोन वाजला. ही कणीक मळत होती, हात भरलेले. म्हणाली, “जरा दखा, कोना फोन शे.” बघितलं तर ‘शीतल’. हिच्या फोनमध्ये शीतलचं नाव! मी बटण दाबलं, सवयीने स्पीकर लावला. मी तोंड उघडायच्या आत पलीकडून सुरू:

“मावशी, व्हई गयं मनं ग्राउंड. आठशेमा पहिला नंबर उना. ते जाऊ द्या, गाठना रिपोर्ट आज येनार व्हता ना? काय बोलना डॉक्टर? मी पाचनी गाडीले येस, मंग संगे जाऊत.”

“कसली गाठ?”

हे मी म्हटलं. म्हटलं म्हणजे ओरडलो. खिडकीतून शेजारीण डोकावली. फोन बंद झाला.

ही परातीसमोर बसल्या जागेवरून माझ्याकडे बघत होती. घाबरलेली नव्हती. थकलेली होती, खूप थकलेली. मी हिच्याकडे किती दिवसांनी नीट बघितलं कोण जाणे, गळ्याची हाडं वर आली आहेत.

“दखं?” म्हणाली. “याकरताच सांगं नही. पोरले मीच शपथ घालेल व्हती.”

मग खाली बघून, कणकेला सांगावं तसं सांगितलं. गाठ छातीत आहे. दिवाळीत हाताला लागली. मी पहाटे गेलो की शीतल येते, घर आवरते, दवाखान्याच्या दिवशी बरोबर जाते. जळगावला तुकडा काढून तपासायला दिला, तेव्हाही पोरच बरोबर होती. रिपोर्ट संध्याकाळी इथल्या डॉक्टरांकडे मिळणार आहे. “तुमले येनं व्हई तं या. पन डॉक्टरवर वरडू नका. ते डॉक्टर चांगला शेतस.”

एवढं बोलून तिने पुन्हा कणीक मळायला घेतली.

मी बाहेरच्या खोलीत येऊन बसलोय. पाचची गाडी यायला वेळ आहे. आत जाऊन एक प्रश्न विचारायचाय, दुखतं का, एवढाच. हे वाक्य मी तिला आजवर कधी म्हटल्याचं आठवत नाही. दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. दोन्ही वेळा हुकूम दिल्यासारखं ऐकू आलं.